डोळा नसलेलं पान

थळ,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्वीस अप्पांचे आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी एक रेघ मारलेली दिसेल. सवयीनं 'सौ.' लिहिलं गेलं. नवा कागद घेता आला असता, पण एकतीस वर्षं कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक लिहिलं. तिथं पान फाडायचं नाही आणि गिरगटायचंही नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे; बाजूला बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. हाताला तेच वळण आहे. जूनमध्ये कोर्टाचे कागद झाले, तेव्हापासून तू आमची सून नाहीस, हे डोक्याला कळलंय, हाताला अजून नाही.

इकडे सगळं ठीक. भात झोडून घरात आलं. कमळचा गुडघा पुन्हा धरलाय, पण चालणं थांबवत नाही, त्यामुळे गुडघ्याचंही काही चालत नाही. आमचा रितेश उरणलाच असतो, कंटेनरच्या यार्डात. पंधरा दिवसांनी येतो, जेवतो, फोन बघतो, जातो.

परवा तुझ्या ओंकारचा फोन आला. ताईला तिचं झाड हवंय, संक्रांतीनंतर टेंपो घेऊन अलिबागेला येईन तेव्हा नेतो, म्हणाला. मी म्हटलं, ने की, झाड मजेत आहे. तुम्ही होमस्टेच्या मागे सुपारीच्या सावलीत रोपवाटिका केलीय, पर्यटक मुंबईला झाडं घेऊन जातात, हेही त्यानं सांगितलं. वादळानं वाडी आडवी झाली तेव्हा तुझ्या माहेरचे लोक कसे हबकले होते ते मी पाहिलंय. आता तिथंच तू झाडं विकतेस, हे ऐकून फार बरं वाटलं.

श्रीवर्धनचं स्थळ आल्याचंही तो म्हणाला. मुलाचा सुपारीचा व्यापार, तोही एकदा लग्न मोडलेला, माणसं चांगली. मग जरा घुटमळला. "अप्पा, तुमच्याकडून ताईबद्दल कुणी काही बोललं का? ते लोक सारखे डॉक्टरचं विचारतायत." मी म्हटलं, इथं रेंज जाते रे, नंतर बोलू.

तर झाडाविषयी. तुझ्या लग्नात रुखवताच्या टेबलावर, अनारशांच्या शेजारी, तू ते मॉन्स्टेरा ठेवलंस, तेव्हा आमच्या वऱ्हाडात काय कुजबूज झाली ते आज सांगतो. नीराबाई, कमळची मावसबहीण, श्रीवर्धनला दिलेली, ती म्हणाली, "दिवेआगरवाल्यांनी किडीनं खाल्लेलं झाड दिलं गो पोरीला." लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कमळनं तंबाखूचं पाणी करून पानांवर मारलं, ते त्यामुळेच. तू हसत ओटीवर बसकण मारलीस. "आई, भोकं त्याची स्वतःची आहेत," म्हणालीस. घरात एवढं मोठ्यानं हसलेलं कुणी मी त्याआधी बरेच दिवस ऐकलं नव्हतं.

ती भोकं मला अजून सुटलेली नाहीत. पानाला ऊन पकडायचंय, तर मग ते स्वतःला भोकं का पाडून घेतं? खालच्या पानांना ऊन जावं म्हणून, की वारा आरपार जावा म्हणून? आणि पान गुंडाळी सोडून बाहेर येतानाच भोकांसकट येतं, मागून पडत नाहीत. मी दोन पानांवर पेन्सिलीनं खुणा करून पाहिलं होतं.

आता एक शंका. नुसतीच शंका, बरं का. समजा एखाद्याकडे मॉन्स्टेराचं एकच पान आहे, हातभर देठासकट. समजा त्यानं ते कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाण्यात ठेवलं. बाविसाव्या दिवशी देठाच्या टोकाला पांढरी मुळं दिसली. आज ती सव्वादोन इंच आहेत. पान हिरवंगार, टवटवीत. पण कोंबाचा पत्ता नाही. आठवडाभर विहिरीचं पाणी देऊन झालं, आठवडाभर नळाचं, आठवडाभर फिल्टरचं. बाटली पूर्वेच्या खिडकीत ठेवली, पश्चिमेच्या ठेवली. युरियाचा एक दाणा टाकावा म्हणून हात फार शिवशिवतो, पण टाकलेला नाही.

शाळेत असताना आम्ही पानफुटीचं पान पुस्तकात दाबून ठेवायचो. पाणी नाही, माती नाही, तरी आठवड्यात त्याच्या कडेला इवली पिलं फुटायची. मास्तरांच्या भूगोलाच्या पुस्तकात मी अशी चार उगवून आणली होती आणि त्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. मग ह्या पानाला मुळं आल्यावर कोंब यायला काय हरकत आहे? मूळ फुटलं म्हणजे अर्धं काम झालंच की नाही?

सवडीनं कळव. नाही कळवलंस तरी राग नाही. तुझं झाड ठीक आहे.

तुझे अप्पा


थळ,
६ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. वर्षभरानंतर तुझं नाव फोनवर दिसलं, तर मी आधी चष्मा पुसला. "अप्पा, पान कुठून कापलंय? देठाच्या बुडाशी खोडाचा तुकडा आहे का? त्यावर डोळा आहे का?" बस, तीन प्रश्न. मी पत्रभर 'समजा, समजा' करत होतो आणि तू सरळ विचारलंस कुठून कापलंय. मेसेजला मेसेजनं उत्तर द्यायला गेलो, तर चार शब्द टाइप करून अंगठा अडला. म्हणून कागद घेतला.

तुझं झाड गेलं, तेजस्वी. मीच मारलं. मजेत आहे म्हणालो ते खोटं होतं.

कसं मारलं ते ऐक, कारण ती अक्कल आमच्याकडेच मिळेल. पावसाळ्यात होड्या बंद, ताजी मासळी नाही, म्हणून कमळ खारा बांगडा काढते आणि मीठ उतरायला पाण्यात भिजत घालते. ते पाणी आपल्याकडे मोरीत ओतत नाहीत, माडाच्या बुडात जातं. माडाच्या आळ्यात तर आपण मुद्दाम मीठ घालतो. मी विचार केला, माडाला मानवतं, मिरचीला मासे धुतलेलं पाणी मानवतं, मग सुनेच्या झाडानं काय घोडं मारलंय? जुलैपासून एक दिवसाआड तांब्या तांब्या घालत गेलो. श्रावणात घरात मासळी बंद, तेव्हा झाड जरा सावरलं. मला वाटलं, श्रावणाचा गारवा मानवला. गणपती गेले, पुन्हा बांगडा, पुन्हा पाणी. पानांच्या कडा करपायला लागल्या, तर मला वाटलं भूक लागलीय, म्हणून आणखी घातलं. बाहेरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. ओटीवरच्या कुंडीतलं कुठं जाणार? एवढं साधं गणित, खताच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला कळलं नाही. गावात कुणाला सांगू नकोस, माझी पेन्शन बंद करतील.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते एका आठवड्यात बसलं. एकच पान हिरवं राहिलं होतं, सगळ्यात मोठं, अकरा भोकांचं. ते मी देठाशी कापून बाटलीत ठेवलं. बाकीचं कमळनं उपटून फेकलं.

तू निघालीस त्या दिवशी पाया पडलीस आणि म्हणालीस, "अप्पा, झाडाला पाणी बेतानं घाला." एवढंच सांगितलं होतंस आणि तेवढंच माझ्याकडून झालं नाही. खरं सांगायचं तर ते झाड समोर दिसलं की मला स्वस्थ बसवत नसे. त्याला काहीतरी द्यावं, आणखी द्यावं, असं वाटायचं. का वाटायचं, ते आज नको. आज झाडाचंच लिहितो.

तुझा मेसेज वाचून भिंग घेतलं आणि पान उन्हात धरलं. देठाचं बूड नीट तपासलं. मुळं आता वीतभर झालीत, पांढरी, दाट, दृष्ट लागेल अशी. पण खोडाचा तुकडा नाही. डोळा नाही. मी देठ कापला होता, खोड नव्हे.

बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीवर डोळा बघून घ्यायचा, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं. उसाचं बेणं तोडताना डोळा सांभाळायचा, हेही माहीत होतं. पण त्या पानाची मुळं बघितली आणि मी सगळं विसरलो. मग हे पान जगतंय कसं, खातंय काय, आणि असं किती दिवस जगेल? तुला माहीत असेल तर सांग. माझ्या मते ते वर्षभरही जगेल. फक्त त्याच्यापुढे काही नाही.

आता पुढचं वाच. कमळला विचारलं, "उरलेलं खोड कुठं टाकलंस?"

"सोडणांत टाकलं. सडलेलं व्हतं."

नारळाची सोडणं आपण विहिरीमागे टाकतो, तो ढीग तुला ठाऊक आहे. मी गुडघ्यांवर बसून उपसायला लागलो. शेजारचा नामा कुंपणावरून म्हणाला, "अप्पा, आंगठी पडली काय?" मी म्हटलं, मोठी वस्तू पडलीय. अर्ध्या तासानं हाताला लागलं. मुठीएवढं खोड, काळपट, एक बाजू सडून मऊ झालेली, पान एकही नाही. फेकून द्यावं असंच. वरची बाजू मात्र कडक. जुन्या पानाच्या खुणेशेजारी तुरीच्या डाळीएवढा एक फुगीर ठिपका होता. मी थुंकी लावून पुसला. हिरवा होता!

तेजस्वी, मी ओरडलो. खरंच ओरडलो. नामा कुंपण ओलांडून आला, त्याला वाटलं विंचू चावला.

सडका भाग सुरीनं कापून टाकला, कापाला हळद लावली, सोडणाचाच काथ्या मोकळा करून बरणीत भरला आणि त्यावर खोड आडवं ठेवलं, डोळा वर करून. पाणी नुसतं शिंपडतो. पावसाचं साठवलेलं, गोडं. कमळ दिवसातून तीनदा झाकण उघडून बघते आणि मी ओरडलो की म्हणते, "मी कुटं बघतेय? वास येतो का ते बघतेय."

ओंकारला म्हणावं, संक्रांतीला नको, होळीला ये. तोवर त्याला नेण्याजोगं करतो.

त्याचा काल पुन्हा फोन होता. श्रीवर्धनचे लोक थंडावलेत म्हणाला. नाही म्हणत नाहीत, पण होळीनंतर कळवू म्हणतात. त्यांच्या कानावर असं आलंय की तुझ्यात दोष आहे म्हणून आम्ही तुला सोडलं. "हे कुठून गेलं असेल, अप्पा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

हे दुसरं खोटं. नीराबाई त्या लोकांच्या दोन वाड्या पलीकडे राहते. आज एवढंच लिहवतंय.

तुझे अप्पा


थळ,
९ मार्च २०२५

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

ओंकार उद्या येतोय. त्याच्या हाती तुझं झाड देतोय आणि हे पत्र. पोस्टावर सोडायचं नाही म्हणून त्याच्याच हाती.

आधी झाड. डोळा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उलगडला. कोंब निघाला, मग त्याला गुंडाळी, मग अकरा दिवस ती गुंडाळी जागची हलेना. मी रोज सकाळी व्हर्निअरनं मोजत होतो. बाराव्या दिवशी चहा पिऊन आलो तर पान उघडलेलं! तळहाताच्या निम्मं, पोपटी, अखंड. एकही भोक नाही. कमळ बघून म्हणाली, "याला भोकं कवा पडतील?" मी म्हटलं, मोठं झाल्यावर. दुसरी गुंडाळी आता निघतेय. कुंडी बदलू नकोस, काथ्याच राहू दे. तुला मी काय सांगायचं म्हणा, पण हाताखालून गेलेलं रोप आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, ते.

१४ डिसेंबर २०२२. तुम्ही दोघांनी अलिबागेत तपासण्या केल्या होत्या. रितेशला सुटी नव्हती, म्हणून रिपोर्ट आणायला मी गेलो. दोन पाकिटं होती, चिकटवलेली नव्हती. मी वाचायला नको होती. पण एकतीस वर्षं समोर आकडे आले की वाचायचे हीच नोकरी केली, आणि बस सुटायला वीस मिनिटं होती. तुझे सगळे आकडे जिथं असायला हवेत तिथं होते. रितेशच्या रिपोर्टात एका ओळीपुढे शून्य होतं.

गेजवर शून्य दिसलं की आम्ही आधी गेज तपासतो. मी तीच समजूत घातली स्वतःची. रितेशला पाकीट देताना म्हटलं, पुन्हा एकदा कर. त्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. म्हणाला, "अप्पा, कुणाला बोलू नका. मी करतो पुन्हा." संध्याकाळी त्यानं तुला सांगितलं की दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत. मी ओटीवर होतो. ऐकत होतो. पुन्हा त्यानं कधी केली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. कमळची चूर्णं, सोमवार, कुणी सांगितलेल्या देवाला नारळ. तू सगळं घेतलंस, सगळं केलंस. रितेश तुझ्याशी बोलेनासा झाला, ते कामाच्या ताणानं नव्हतं; त्याला तुझ्याकडे बघवत नव्हतं. बायका काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं. मी गप्प का राहिलो? लाजेनं. माझ्या पोराला लोक काय म्हणतील, घरतांच्या घराला काय म्हणतील. आणि याहून वाईट कारण हे की तू सोसत होतीस. तू आदळआपट केली असतीस तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. तू सोसलंस, म्हणून मला गप्प बसणं सोपं गेलं. हे लिहिताना मला माझी फार घृणा वाटते.

गेल्या महिन्यात, पान उघडलं त्याच दुपारी, मी कमळला सांगितलं. ती मागल्या दारी विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत होती.

"तेजस्वीत दोष नव्हता. तिचा रिपोर्ट चांगला होता. दोष आपल्या रितेशमध्ये आहे."

तिचा हात थांबला. "तुमाला कोनी सांगितलं?"

"मी वाचलंय. रिपोर्ट मीच आणले होते."

"कवा?"

"दोन वर्षं झाली."

हातातली तिसरी तिनं पातेल्यात टाकली आणि विळी आडवी केली. मग म्हणाली, "रुचिताच्या वटीभरणाला तेजस्वी कुंकू लावाया उठली, तर मी तिला हात धरून मागं बसवलं. भरल्या घरात. तुमी तितंच व्हते."

मी म्हटलं, होतो.

"जेवत व्हते."

"हो."

आपल्या पुतण्याच्या बायकोचं ते ओटीभरण. तू मागे जाऊन बसलीस आणि मग स्वयंपाकघरात सगळ्यांची ताटं घासलीस. मी त्या दिवशी दोनदा खीर घेतली होती. तेही आठवतं.

तिसऱ्या दिवशी कमळ ठेवणीतलं लुगडं नेसली आणि पहाटेच्या एस.टी.नं श्रीवर्धनला निघाली. मी म्हटलं, गुडघा? म्हणाली, "जितं सांडलं तितंच पुसाया लागतंय." नीराबाईला तिच्या घरातून उठवलं, सोबत घेतलं आणि त्या लोकांच्या ओटीवर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते नीराबाईकडून मला कळलं: "पोरीत कायेक खोट न्हाय. खोट आमच्या घरात हाय, नि आमी ती तिच्या माथी मारली. मी माज्या तोंडानं मारली." पाणी प्यायली आणि परत आली. घरी आल्यावर मला म्हणाली, "आता तुमी लिवा. मी सांगितलं तर ते म्हनतात, बाईला सुनेचा कळवळा आला. लिवलेलं पायजेल त्यांना."

लिहिण्याआधी रितेशला सांगणं भाग होतं. त्याच्याशी समोरासमोर बोलायचं एकदा टाळलं, आता त्याच्या पाठीमागे लिहायचं नव्हतं. उरणला गेलो. यार्डाबाहेरच्या टपरीवर बसलो. सगळं ऐकून तो म्हणाला, "अप्पा, मग माझं काय राहील?"

मी म्हटलं, "तुझी नोकरी राहील, घर राहील, मी राहीन. तिच्यावर जे टाकलंय ते तेवढं उचलायचंय."

अर्धा चहा टाकून तो उठून गेला. त्यानंतर तो घरी आला नाही, माझा फोन उचलत नाही. गेल्या शुक्रवारी आईला फोन केला, गुडघ्याचं विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "ते झाड जगलं का?" कमळ म्हणाली, जगलं. एवढंच. तोही माझा मुलगा आहे, तेजस्वी. त्यानं तुझ्याशी खोटं बोलून वाईट केलं, पण त्याला ते शून्य एकट्यानं वाचावं लागलं, आणि शेजारी बसून त्याच्याशी दोन शब्द बोलायचं सोडून मी त्याला गप्प बसायला मदत केली. बापाचं तेही काम मी केलं नाही.

बाटलीतलं पान मी ठेवून घेतोय. कमळ टाकू म्हणाली नाही. उलट त्याचं पाणी आता तीच बदलते. त्याला कोंब येणार नाही, हे आम्हा दोघांना कळलंय. पण हिरवं आहे, मुळं धरून आहे, खिडकीत बरं दिसतं. त्याला का फेकायचं?

तू आम्हाला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. ते मागायला तोंड नाही. श्रीवर्धनचे हो म्हणोत की नाही म्हणोत. जे लोक कागद बघून माणूस ठरवतात ते तुला हवेत का, हेही तूच बघ. पण तुझ्या नावावरचं ते बोलणं आमच्या घरातून निघालं, तर ते आमच्याच घरातून पुसलं गेलं पाहिजे.

झाडाला पाणी बेतानं घाल. हे आता मला कळतं.

पुढचं पान वेगळ्या कागदावर लिहिलंय. ज्यांना दाखवायचं त्यांना तेवढंच दाखव. माझी मॉन्स्टेराची रडकथा त्यांना नको.

*

चुकलेली नोंद: तेजस्वीत दोष आहे, म्हणून तिला मूल झालं नाही.
(यावर आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.)

बरोबर नोंद: दि. १४ डिसेंबर २०२२ रोजी अलिबाग येथून दोघांचे तपासणीचे रिपोर्ट मी स्वतः आणले आणि स्वतः वाचले. तेजस्वीच्या रिपोर्टमध्ये कोणताही दोष नव्हता. दोष आमच्या बाजूचा होता. हे ठाऊक असून सव्वादोन वर्षं मी गप्प राहिलो आणि तिच्याविषयी खोटं पसरू दिलं. वरील नोंद माझ्या हातची असून ती खरी आहे.

सही:
चंदर कोंडाजी घरत
निवृत्त ऑपरेटर, रा. थळ
दि. ९ मार्च २०२५

*

तुझे अप्पा
(ह्या शेवटच्या दोन शब्दांवर रेघ मारायची की नाही, ते तू ठरव.)